दीड देशाची भाषा

ती. मामांना,

तुम्हाला आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (गुडघ्यांना वेगळा अशासाठी, की मागच्या वेळी फोनवर तुम्ही त्यांच्याविषयीच जास्त बोललात.) मामींचा माझ्यावरचा राग ओसरला असावा. इकडे सगळे धडधाकट आहेत. मीही जिवंत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण मधे मलाच त्याची शंका आली होती.

परदेशी जायचं खूळ घरात मीच आणलं, हे तुम्ही जाणताच. गॅरेजात गाडीखाली उताणं पडलं की माणसाला मोठे विचार सुचतात. मालकांनी एकदा जर्मन गाडी उघडायला दिली, आणि तिच्या पोटातली शिस्त पाहून मी ठरवलं, शिकायची तर जर्मन. क्लास लावला, भिंतीवर युरोपचा नकाशा लावला आणि जेवताना पट्टी हातात घेऊन घरच्यांना ज्ञान देऊ लागलो. जर्मनी तर झालीच. शिवाय ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडचा मोठा भाग, चिमुकलं लिक्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, बेल्जियमची पूर्वेकडची कड, इतकंच काय, इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरातसुद्धा लोक जर्मनमधून भांडतात! आणि तुमच्या भाचेसुनेने काय निवडावं? स्वीडिश. (तिच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरची बहीण शिकवते, एवढंच कारण.) मी पट्टी स्वीडनवर टेकवून विचारलं, आणखी कुठे? ती म्हणाली, फिनलंडच्या किनाऱ्यावर काही लोक बोलतात, आणि मधल्या बेटांवर. फिनलंडात बहुतेक सगळे फिनिश बोलतात हे मलाही माहीत होतं, तरी मी उदारपणे अर्धा देश धरला आणि तिच्या भाषेचं 'दीड देशाची भाषा' असं बारसं केलं. आई हसली. ही हसली नाही. बायको हसत नाही तेव्हा नवऱ्याने नकाशा गुंडाळावा, ही अक्कल मला जरा उशिरा आली.

कारण तिने मग स्वीडिश वाक्यांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटवायला सुरुवात केली. एकदा ती ड्युटीवर गेल्यावर मी पाहतो तर नवी चिठ्ठी, आणि तीत ओळखीचा एकच शब्द: 'गिफ्ट'. मामा, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! चिठ्ठीच्या शेजारी ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं सूप. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलेलं. मी सूप सिंकमध्ये ओतलं, पातेलं दोनदा घासलं आणि कोरडा पाव चावत तिची वाट पाहत बसलो. ती आली, तशी चिठ्ठी समोर धरली. ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "अरे, 'मी विवाहित आहे' असं लिहिलंय. विषालाही तोच शब्द आहे, पण तो पुढच्या धड्यात." (ही भाषा घडवणारे अनुभवी दिसतात.)

पुढे माझ्या अर्जांना जर्मनीहून उत्तरं आली. सगळी सभ्य, व्याकरणशुद्ध आणि नकाराची. बोलावणं आलं ते त्या अर्ध्या देशातून, आणि तेही हिला, नर्स म्हणून! फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान आहे, आणि तिथले आजीआजोबा स्वीडिशच बोलतात. मुलाखत आमच्याच स्वयंपाकघरात, कॉम्प्युटरवर झाली. मी कॅमेऱ्याबाहेर गप्प बसायचं ठरलं होतं. पण तिथल्या मोठ्या सिस्टरबाईंनी नवरा काय करतो असं विचारलं आणि मला राहवेना. मी मुंडी आत घालून, जर्मन-स्वीडिशची खिचडी करून ठणकावलं, की मी वर्षानुवर्षं गाड्यांचं 'ओएल' बदलतोय. जर्मनमध्ये ते तेल. स्वीडिशमध्ये ती बिअर. बाईंनी गंभीरपणे विचारलं, "आणि गाड्यांना चढत नाही?" हिने कपाळाला हात लावला. मला वाटलं, घालवली हिची नोकरी. पण बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांचा भाऊ बोटींची इंजिनं दुरुस्त करतो म्हणे, आणि हाताखाली माणूस शोधतोय. म्हणाल्या, "त्याला सांगते, माणूस मिळालाय, फक्त तेलाला तेल म्हणायला शिकवायचं राहिलंय." हिची नोकरी पक्की झाली, आणि माझी जवळजवळ. हल्ली मी हिच्याकडे स्वीडिश शिकतो. छडी फार लागते.

आईची समजूत कशी पटली ते ऐका. तिने एकच प्रश्न विचारला, "तिकडे मामाला काय म्हणतात?" मी जर्मनचा अभिमानी, म्हणालो, ओंकेल, काकालाही तेच. "म्हणजे माझा भाऊ आणि ह्यांचा भाऊ एकच? शोभतं का?" तेव्हा ही हळूच म्हणाली, स्वीडिशमध्ये मामा म्हणजे मूरब्रूर, आईचा भाऊ. मावशी वेगळी, आत्या वेगळी, आईची आई वेगळी. आईने बोटांवर सगळी नाती मोजली. मग म्हणाली, "मग माणसं बरी असतील. जा."

दोन महिन्यांत निघू. बाकी हालहवाल उत्तम. हे पत्र सहज लिहिलंय, काम असं काही नाही.

तुमचा लाडका (मामी काहीही म्हणोत),
भाचा

ता. क. काम एवढंच, की आम्ही गेल्यावर आईला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तिला मी विचारलेलं नाही. एकटी राहणार या विचाराने माझा पाय निघत नाही. तिला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. २. (हे मी, तुझी ताई, लिहितेय.) शहाण्याने पत्र टाकायला माझ्याच हातात दिलं, तेही न चिकटवता. मी कुठेही येत नाही. सुनेच्या हॉस्पिटलातली एक सिस्टर खोली शोधत होती, तिला मी कधीच हो म्हटलंय. तू मात्र ती दोघं निघतील त्या दिवशी नक्की ये. विमानतळावर मी रडणार नाही, असं पोरांना सांगून बसलेय. परत येताना गाडीत शेजारी कुणीतरी आपलं हवं.