शिडीवरचा आरोप

४ जून

रिपोर्ट आला. खोट नवऱ्यात! त्याच्या दोन गुणसूत्रांनी आपापसांत तुकडे बदललेत. "त्यांचं स्वतःचं काही अडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बाळाकडे निम्मंच जातं, तिथे गफलत होते. चारही गर्भपात बहुधा यामुळेच झाले."

मला आनंद झाला. नवऱ्यात खोट निघते आणि बायकोला आनंद होतो — नीचपणा आहे. पण झाला.

५ जून

नवऱ्याला माझ्या ग्रंथालयाच्या भाषेत समजावलं. दोन पुस्तकं बांधताना बाइंडरने याची पानं त्यात घातली, त्याची यात. दोन्ही जवळ आहेत तोवर एकही पान हरवलेलं नाही. पण त्यातलं एकच कुणाला दिलं, की झाला घोटाळा.

"म्हणजे मी सदोष माल?"

"माल उत्तम. बांधणी भिकार."

हसला. मग बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसला. मी दार वाजवलं नाही. वाजवायला हवं होतं का?

९ जून

सासूबाईंचं सहा वर्षं एकच पालुपद — "कामावर शिडीवर चढतेस, मग पोटात टिकणार कसं?" पाच पायऱ्यांची शिडी!

आज भाषण तयार ठेवलं होतं. मुद्दे काढून. खरं तर या वहीच्या शेवटच्या पानावर कशाकशाने गेलं असेल याची माझीही यादी आहे — कॉफी, मंगळवारचं भांडण, शिडी. हो, शिडीसुद्धा! तेव्हा फार टेचात बोलायचा मला अधिकार नाही. तरी बोलले.

सासूबाई म्हणाल्या, "याच्या जन्माआधी माझे तीन गेले. माझं तपासतील का गं?"

१२ जून

सासूबाईंनी तपासणीला रक्त दिलं. सुई टोचणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "बाहत्तर वर्षांचं रक्त आहे, सांडू नकोस."

२ जुलै

सासूबाईंचा रिपोर्ट आला. तीच दोन गुणसूत्रं, तोच घोळ. सगळं त्यांच्याकडूनच आलंय! चोराच्या उलट्या बोंबा — अगदी ओठांवर आलं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "मग शिडी नव्हती?"

"कुठली शिडी, आई?"

"माळ्यावरचं पातेलं काढायला चढले होते. पहिल्या वेळी. सासू म्हणाली, तूच घालवलंस."

पंचेचाळीस वर्षं!

"नव्हती," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई याही वेळी 'बहुधा' म्हणाल्या होत्या. तेवढा शब्द मी गाळला. ग्रंथालयात कुणी पान फाडलं तर मी आकाशपाताळ एक करते!

८ जुलै

घरी आले तर सासूबाई स्टुलावर! पंखा पुसत होत्या.

"आई, पडाल!"

"पडले तर एकटीच पडेन. तू ओलं फडकं दे."