मंगळवारची वाळू

मंगळवार, ५ जून २०१८

आरबा आज पुन्हा उशिरा! शाळेच्या झग्याची कड ओली, नखांत वाळू. "कुठे होतीस?" — "बाईंकडे." बास. नऊ वर्षांची पोर आणि आईपासून लपवाछपवी!

मंगळवारी समुद्राला विश्रांती, गावाचा जुना रिवाज. एकही होडी पाण्यात जात नाही, मासळी येत नाही, मासे धुरावर सुकवायच्या माझ्या भट्ट्या थंड. किनाऱ्यावर काळं कुत्रंसुद्धा नसतं. मग शाळेतल्या बाई पोरीला नेमक्या त्याच दिवशी तिकडे का नेतात?

शुक्रवार, ८ जून

स्पेलिंगची परीक्षा. वीसपैकी तीन. हेडमास्तरांनी साऱ्या वर्गासमोर आकडा वाचून दाखवला म्हणे. सत्राच्या शेवटच्या परीक्षेत दहा पडले नाहीत तर पुन्हा चौथीतच — धाकट्या बहिणीच्या शेजारी, एकाच बाकावर!

पोर मठ्ठ नाही. चाळीस बायकांच्या टोपल्या ती नुसत्या बघून ओळखते. पण कागद पुढे आला की घाम फुटतो. माझं स्पेलिंग शाळेत कधी चुकलं नाही. ही कुणावर गेली कोण जाणे.

रविवार, १० जून

चर्चच्या दारात क्वान्सा बाईंनी गाठलं. "आरबाची आई, आरबाला डिस्लेक्सिया असावा. डोकं छान आहे हो तिचं, फक्त अक्षरं वेगळ्या वाटेने शिकवावी लागतात. मंगळवारी या ना बघायला."

एवढं लांबलचक नाव! म्हणजे काहीतरी झाकायचंय. मी हो हो केलं. गोड बोलून कुणी बोलावलं की मी जात नाही.

तीन महिन्यांपूर्वी ताकोराडी शहरातून आली ही बाई. छडी हातात धरत नाही. छडी न धरणारी मास्तरीण मी जन्मात पाहिली नाही! आणि आल्या आल्या शाळेमागे दोन खोल्या बांधायला काढल्यात.

मंगळवार, १२ जून

कुकुआ — माझ्या शेजारच्या भट्टीवरची — काड्या मोडता मोडता म्हणाली, "बाईंच्या बांधकामापाशी वाळूचा केवढा ढीग पडलाय, बघितलास? आला कुठून?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किनाऱ्यावरची वाळू! चोरून न्यायची, पोरांच्या डोक्यावर घमेली द्यायची, आणि तेही मंगळवारी, कुणी बघायला नसताना. आम्हीही मास्तरांच्या शेतातलं तण उपटलंय, घरी पाणी भरलंय — पण सगळ्यांदेखत!

शिकवणी म्हणे. माझी पोर हमाल केली बाईने!

मंगळवार, १९ जून

आज आरबाचं डोकं चाचपून बघितलं. घमेल्याचा वळ नाही. मग काखोटीला मारून नेत असणार. "हात दुखतोय," म्हणाली. "कुठला?" — "उजवा. खांद्यापासून." झालं! आणखी काय पुरावा हवा?

"बाई काय करून घेतात?" तर हसली. "सांगणार नाही."

असं हसायलाही शिकवलंय तिला.

शुक्रवार, २२ जून

वीसपैकी सात! काम करून घेतल्याची बक्षिसी, दुसरं काय.

दुपारी दार लावून तक्रार लिहिली. दोन पानं. बाई पोरांकडून वाळू चोरवते, वरून खोटे मार्क देते, तिचा भरवसा धरू नये — सगळं. दोनदा वाचली, एक अक्षर चुकलं नव्हतं. हेडमास्तर खूश. "आरबाची आई, असं लिहून देणारं कुणीतरी हवंच होतं आम्हाला."

येताना चाल अशी ताठ होती माझी!

मंगळवार, २६ जून

आरबा वेळेवर घरी. शाळा सुटल्यावर एकही मूल थांबवायचं नाही, असं बाईंना बजावलंय. पोरीने ताटातल्या बांकूच्या गोळ्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघत नाही.

बघेल. आज ना उद्या आभारच मानेल.

शुक्रवार, ६ जुलै

वीसपैकी चार. बाईंची उत्तरेकडे बदली झाली. तिथे समुद्रच नाही. बरं झालं — असं मोठ्याने म्हणून बघितलं. बरं वाटलं नाही.

गुरुवार, १२ जुलै

कुकुआ सहज म्हणाली, "अगं, ती वाळू नदीची होती. आमच्या भावानेच ट्रकने आणून टाकलेली."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मलाच काल कळलं! आणि मी फक्त कुठून आली विचारलं होतं. चोरीचं तूच म्हणालीस."

मासे करपले. भट्टीवरची सगळी जाळी.

मंगळवार, १७ जुलै

आरबा शाळेतून परस्पर किनाऱ्याला. मी मागे. ओढून ठेवलेल्या होडीआड उभी राहिले.

ओल्या वाळूत ती लिहीत होती. बोटाने नव्हे, अख्ख्या हाताने, खांद्यापासून. एकेक अक्षर तिच्याएवढं! मोठ्याने म्हणायची, लिहायची, त्या अक्षरावरून चालून यायची. चुकलं तर पायाने पुसायची, परत लिहायची. मग डोळे मिटून तेच अक्षर मांडीवर बोटाने काढायची. मंगळवारीच का, तेही कळलं. एरवी होड्या, जाळी, माणसं — इथे पाय ठेवायला जागा नसते.

मला बघून दचकली. रागावली नाही, तेच लागलं. "बाई म्हणाल्या होत्या, आईलाही बोलावू. मीच नको म्हटलं. मला आधी दहा पाडायचे होते."

मी मेलीने काय करून ठेवलं! अंधार पडेपर्यंत मी शब्द सांगितले, तिने लिहिले.

शुक्रवार, २० जुलै

बारा! शेवटच्या परीक्षेत वीसपैकी बारा! आरबा धावत आली, तिच्या मागोमाग हेडमास्तरांचा निरोप: भेटायला या. तशीच गेले.

"परीक्षेत पोरगी बाकाखाली मांडीवर बोटाने काहीतरी करत होती. आणि जाण्याआधी बाईंनी तिला परीक्षेतले शब्द आधीच सांगितले असणार. हे मार्क धरता येत नाहीत. पुन्हा चौथीत."

मी सांगितलं. वाळूचं सगळं सांगितलं. हात जोडले.

त्यांनी खण उघडला, दोन पानं माझ्यापुढे ठेवली. "बाई कशी आहे, खोटे मार्क कसे देते, हे तुम्हीच लिहून दिलंय ना?"

वाचलं. अक्षर माझंच. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही.