कप्तानाची चावी

२९ डिसेंबर १९८६
नाटक झालं. टाळ्या भरपूर. माझं डोकं अजून ठणकतंय.

तिसरा अंक माझा नव्हताच. पुस्तकात कप्तान शेवटी पाण्याच्या कोठीचं कुलूप काढतो, चावी खलाशांसमोर डेकवर ठेवतो आणि म्हणतो, मी खोटं बोललो, पाणी अर्धंच उरलंय. तिथून पुढे खलाशी त्याचे होतात, आधी नाही. अख्खी कादंबरी त्या एका पानासाठी आहे. त्या पानासाठीच रद्दीतलं ते इंग्रजी पुस्तक घेऊन मराठी नाटक लिहिलं, शाळा सांभाळून.

आणि कप्तान झालेले पास्कूकाका म्हणे, "टीचर, कप्तान खलाशांपुढे वाकनार? समोर सगळा गाव बसनार, लोक काय बोलतील?" मांडव त्यांचा, लाइट त्यांचे, सामान आणायला ट्रक त्यांचा. फादर म्हणाले, सणाला वाद नको. मग काय! काल कप्तान चावी कमरेला लावून ताठ उभा, खलाशी गुडघ्यावर. "माझ्यावर विश्वास ठेवा, बाकीचं माझ्यावर सोडा!" हे वाक्य त्यांनी स्वतः घातलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

तेवढं एकच वाक्य पाठ होतं त्यांना. बाकी सगळं मी विंगेतून सांगत होते. घसा पार बसलाय.

१८ जानेवारी, रविवार
चर्चमधली मिसा सुटल्यावर क्रूसाजवळ सभा. आचोळ्याकडे नव्या बिल्डिंगी उठतायत, त्यांना टँकरने आमच्या विहिरींचं पाणी जातंय. असंच चाललं तर खाली खारं पाणी शिरणार, केळीच्या वाड्या जाणार. ठरलं, कोणी पाणी विकायचं नाही, रस्त्यावर साखळी टाकायची. इथपर्यंत छान.

मग अध्यक्ष कोण? मागून कोणीतरी ओरडलं, "कप्तान!" आधी सगळे हसले. मग हात वर. खरंच वर!

अरे, ते नाटक होतं. जहाज पुठ्ठ्याचं होतं.

माझ्या सासऱ्यांनी, बाबांनीही हात वर केला. घरी येताना म्हणाले, "मानसात दम हाय गो." बाबा, दम कुठला, वाक्यं माझी होती.

४ फेब्रुवारी
रस्त्यावरच्या मोरीजवळ दोन खांब, मध्ये साखळी, कुलूप. सकाळी टँकर आले आणि हॉर्न वाजवून वाजवून मागे गेले. पोरांनी फटाके लावले. खोटं कशाला लिहू, मीही टाळ्या वाजवल्या.

चावी एकच, पास्कूकाकांच्या खिशात. शेजारचा फर्मीन (नाटकात खलाशांचा म्होरक्या) म्हणाला, दुसरी चावी कोणाकडे तरी असू दे. उत्तर: "एक जहाज, एक कप्तान." हे वाक्यही नाटकातलं. पुस्तकात ते म्हणणारा माणूस चुकीचा ठरतो, पण तो अंक कोणी पाहिलाय!

९ मार्च
चहाचं दूध परत फाटलं. दुधाचा दोष नाही, पाण्याचा आहे. केळीच्या पानांच्या कडा करपल्यात. बाबांनी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, थुंकले. हे मस्कतला. त्यांना काय कळवू?

संध्याकाळी कुंपणापलीकडे इंजिनाचा आवाज. जाऊन बघते तर पलीकडच्या घरातल्या मानवेलच्या विहिरीवर टँकर. भरत होता आरामात. साखळी काय उडून ओलांडली?

११ मार्च
शाळेतून परस्पर पास्कूकाकांकडे. विचारलं, साखळी कोणी उघडली?
हसले. "टीचर, विश्वास ठेव. बाकीचं माझ्यावर सोड."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच घरात पाणी खारट आणि मला नाटकातला डायलॉग! चहा विचारला त्यांनी. नको म्हटलं. त्यांच्याकडचा चहा गोडच असणार.

१५ मार्च, रविवार
फर्मीनने सभा घ्यायला लावली. तेव्हा कुठे पास्कूकाकांनी तोंड उघडलं.

टँकरवाल्यांशी त्यांनी परस्पर ठरवलंय. आमच्या आळीतल्या दोनच विहिरींवर भरायचं, बाकी गावाला हात लावायचा नाही. "ते लोक मारामारीवर आलेले. गाव वाचवायला दोन-चार घरांनी सोसायला नको?"
मी विचारलं, कोणाला विचारून?
"विचारलं असतं तर तुमी हो बोलला असता?"
नसतो बोललो! म्हणूनच विचारायचं असतं!

पैसे खाल्ले असं फर्मीन म्हणतो. मला नाही वाटत. खाल्ले असते तर बरं झालं असतं, चोर म्हणून हाकलता आला असता. हा माणूस खरोखर समजतो की त्याने गाव वाचवला. आणि बाकीच्या आळ्या? सगळ्यांना एकदम पायातल्या चपला बघायच्या होत्या. आपली विहीर गोड आहे ना, मग कप्तान चांगला. बाबा हात वर केलेला माणूस, ते काय बोलणार. मला त्यांची दया आली, आणि रागही आला.

१९ एप्रिल, ईस्टर
क्रूसाच्या सणाला पुन्हा नाटक हवंय गावाला. तेच. मी नाही म्हटलं. मग घरी येऊन करपलेली केळ पाहिली आणि हो कळवलं.

२६ एप्रिल
तालीम. लाकडी चावी हरवलीय. पास्कूकाकांनी खिशातून साखळीची काढली, "हीच घेऊ, खरी दिसते." एकटेच हसले.
वाक्यं अजून पाठ नाहीत. "टीचरचा आवाज हाय ना, मी डोळे मिटून बोलतो."
डोळे मिटून. बरं.

३० एप्रिल
तालमीपासून एकच घोळतंय. तिसऱ्या अंकात विंगेतून पुस्तकातलं सांगायचं. ते ऐकतील ते बोलतील. सगळ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडाने, "मी खोटं बोललो". चार दिवस याच विचाराने जेवण गोड लागतंय.

पण फर्मीनला माहीत नाही, बाकी खलाशांना नाही. कोणाला न विचारता मी एकटीने ठरवलं, सगळ्यांच्या भल्यासाठी. हे कुठे तरी पाहिलंय. शी! त्या माणसाने मलाही बिघडवलं.

२ मे
सांगितलं. आधी खलाशांना. फर्मीन म्हणाला, "कप्तानाला पन सांगनार? मग मजा काय राहिली?" मजा नकोच मला.

पास्कूकाकांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, "उद्या शेवटी मी पुस्तकातलं सांगणार. आवडो न आवडो."
"मी माझंच वाक्य बोलनार."
"बोला. तेवढंच पाठ आहे तुम्हाला."
म्हटलं आणि ओटा उतरले.

४ मे
काल. जसं झालं तसं लिहिते.

तिसरा अंक. मी सांगितलं, "मी खोटं बोललो." परत सांगितलं. मग पास्कूकाका छाती काढून म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवा, बाकीचं माझ्यावर सोडा!" आणि टाळ्यांसाठी थांबले. एकही नाही. डिसेंबरात हाच गाव होता, हेच लोक. खलाशी गुडघ्यावर बसायचे होते, ते उभेच. पास्कूकाका विंगेकडे वळले. तिसऱ्यांदा सांगितलं मी, आवाज फाटला माझा, पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार. पहिल्या रांगेत बाबा होते. ते उठून उभे राहिले. नुसते उभे.

मग फर्मीनने हात पुढे केला. "चावी." हे ना माझ्या नाटकात होतं, ना पुस्तकात.

कमरेची सोडवली त्यांनी. हातात दिली नाही, पुठ्ठ्याच्या डेकवर टाकली आणि माझ्या अंगावरून विंगेतून निघून गेले. "मी गावासाठीच केलं," म्हणाले. मी चुकलो, हे नाहीच. डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

पडदा पडला तर लोक माझ्याभोवती. "टीचर, चावी तूच ठेव. आता तूच अध्यक्ष." हातात कोंबली! मानवेलसुद्धा म्हणाला, तू सांगशील ते. मी ओरडले, आधी पाठीमागून सांगणारीचं नाव तरी माहीत होतं का तुम्हाला? त्यावर टाळ्या. यांना कप्तानच हवाय, कोणीही चालेल.

५ मे
सकाळी चावी क्रूसाजवळच्या खिळ्याला लावून आले. येता-जाता प्रत्येकाला दिसेल अशी. घरोघर सांगितलं, उघडायची असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवा, मला विचारायला येऊ नका.

बाबा म्हणाले, "कोनी पन काढील गो."
काढील. काढू दे.

आत्ता मोरीकडून टँकरचा हॉर्न येतोय. मघापासून वाजतोय, म्हणजे साखळी अजून लागलेलीच. आमच्या खिडकीतून क्रूस दिसत नाही. बाबा चपला घालून क्रूसाच्या वाटेने बाहेर पडलेत.