शून्य नंबरची हजेरी

१२ जून २००६, बोरी अरब
पोचले एकदाची! बंद पडलेल्या जिनिंगची वजनखोली, चार कॉम्प्युटर आणि मी चक्क मॅडम! क्लासचे मालक अब्दुल गनीचाचा म्हणतात, कापसानं दगा दिल्यापासून जो तो कॉम्प्युटर शिकू म्हणतो. विद्यार्थी मात्र तीनच: माहनूर, तिचा भाऊ अब्रार आणि अमरसिंग. आधीच्या सरांचं नाव चाचांना आठवेना. वय झालं, दुसरं काय.

१४ जून
आज अ‍ॅरे शिकवला. म्हणजे क्वार्टरांची रांग. नंबर सांगा, त्या घरातलं माणूस बाहेर येतं. नंबर मात्र शून्यापासून. अमरसिंगनं विचारलं, शून्य म्हंजे तं कोनीच नाही, मंग त्याले घर कायले? पोरगं तयार आहे.
हजेरीचा प्रोग्राम जुन्या सरांचा. चार घरं, शून्याचं कोरं, मोजणी एकपासून! सर कसले, अर्धवट. मी ती शून्यापासून केली. पडद्यावर नाव आलं नाही, तरी भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीतून कुणी 'हजर' म्हणालं. अब्रारचा चावटपणा, नक्की.

१५ जून
यादी एक घर पुढे सरकलीय. शून्य कोरं, एक कोरं, दोनवर माहनूर, तीनवर अब्रार. अमरसिंग रांगेबाहेर. तो आलाही नाही. चाचा म्हणाले, कोन अमरसिंग?
आज 'हजर' दोनदा आलं.

१६ जून, सकाळ
शेवटच्या घरात माहनूर. अब्रार नाही. तिला विचारलं, भाऊ कुठाय? म्हणाली, मॅडम, मले भाऊच नाही. डब्यात दोघांपुरत्या रोट्या होत्या. काहून आणल्या, तिलाच कळेना.
मोजणी परत एकपासून केली. तरी 'हजर' आलंच. आता एकवरही तो शून्यातलाच आहे. फार भीती वाटतेय.

दुपार
उद्या माहनूर — नाही. तिचं नाव पुसलं तरी जाईल, ठेवलं तरी ढकलली जाईल. त्याला शून्यातून निघायचंय. तिथं दुसरं कुणी बसलं तर —
शून्यावर माझंच नाव लिहिलं, 'मिताली'. घर कोरंच राहिलं. पण तिघंही जागेवर आली! अब्रार रोटी खातोय —
चाचा बाहेरून कुलूप लावून गेले. मी समोर उभी होते.

२६ जून
नवे सर आले. सलील. खुशीत आहेत. माझं नाव चाचांना आठवेना —
सरांनी फळ्यावर लिहिलं: मोजणी शून्यापासून. माहनूर हसतेय. प्रोग्राम उघडला —
एकपासून, सर, एकपासून! ऐकूच जात नाही —
माझं तोंड मीच दाबून धरलंय. पुकारलं की आपोआप —
शून्य, म्हणाले. हज