सैलोसीच्या गालातला कापूस

मंगळवार, ४ मार्च

हे वाचणाऱ्या, तुझं डोकं म्हणजे तडा गेलेली करवंटी. ओतावं तितकं गळतं. तुम्ही अक्षरं शिकलेली माणसं निर्धास्त विसरता – कागद आहे ना! मला एक अक्षर येत नाही. सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि आता तिथे जागा उरली नाही.

मी सांगते, माझी नात अकोसिता लिहिते. वही दवाखान्यातल्या सिस्टर मेरेओनीनं दिली. ज्या बाईवर जबरदस्ती झाली तिनं तारखा लिहून ठेवाव्यात, पुढे कोर्टात लागतात, असं ती म्हणाली. आठ दिवस अकोसितानं वही उघडली नाही. मग मी म्हटलं, तू बोलू नकोस, मी बोलते, तू नुसता हात हलव. हलतोय.

तर लिही. जानेवारीत भर दुपारी, खोबरं वाळवायच्या शेडमागे, गावातल्या रुसियातेनं तिच्यावर जबरदस्ती केली. तक्रार दिलीय. आता तिला नववा आठवडा. तिचा नवरा सैलोसी जबरदस्ती झाली त्याच आठवड्यात बोटीवरून सुटीवर आला होता. मूल नवऱ्याचं की त्याचं – ठाऊक नाही. हे लिहिताना तिनं दोनदा खोडलं. मला वाचता येत नाही, पण खोडलेलं दिसतं.

गुरुवार, ६ मार्च

सिस्टरनं समजावलं. पोटात सुई नाही. अकोसिताच्या दंडातलं रक्त घ्यायचं, त्यात बाळाचं थोडंसं मिसळलेलं असतं. सैलोसीच्या गालात आतून कापसाची काडी फिरवायची. दोन्ही ऑस्ट्रेलियाला जाणार, दोन आठवड्यांत कळणार. त्या दुसऱ्याचं काही लागत नाही. कळल्यावर ठेवायचं, न ठेवायचं, की कुणाला सांगायचंच नाही – ते हिनं ठरवायचं.

मी विचारलं, मूल माझ्या इनोकेवर गेलंय का तेही कळेल का? मशीनला ते कळत नाही म्हणे. इनोके माझा थोरला मुलगा. त्याला ओळखायला मशीन कशाला, डोळे मिटून घोरणारा तो.

अकोसितानं एकच विचारलं. "कागद कुणाच्या हातात देणार?"

"तुझ्या," सिस्टर म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्याही नाही."

सोमवार, १० मार्च

हिचं रक्त पाच मिनिटांत झालं. सैलोसीच्या गालाला अख्खी सकाळ लागली. आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही असं बजावलं होतं. पण फाटकाशी वॉचमन यांगोनाची, मुळी कुटून केलेल्या नशेच्या पेयाची, परात घेऊन बसलेला. त्यानं वाटी पुढे केली. पुढे केलेली वाटी नाकारायची तर तेवढं वाईट वागायला शिकावं लागतं. सैलोसी शिकलेला नाही. प्याला. सिस्टरनं तासभर बसवलं. मग तो वॉचमनला सांगायला गेला, की आता देऊ नकोस. सांगायला गेला म्हणून वॉचमननं अजून एक दिली. पुन्हा तासभर.

तिसऱ्या वेळी मी त्याच्या शेजारी बसले, माझी काठी घेऊन.

काडी तोंडात असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कापूस टोचत नाही, मी बघितलं ना.

मंगळवार, ११ मार्च

विशेष काही नाही. एक कोंबडी मेली. आपणहून.

शनिवार, १५ मार्च

रुसियातेच्या काकानं निरोप धाडला, तांबुआ घेऊन यायचंय. देवमाशाचा दात. आपल्या घरातल्या वडील पुरुषानं तो दोन्ही हातांत घेतला की गुन्हा गाडला गेला. मग तक्रार मागे घ्यायची, वाटीला वाटी लावायची. शिवाय मूल आमचं निघालं तर तेही नेऊ म्हणाले. कुंपणात शिरलेलं डुक्कर न्यावं तसं.

वडील पुरुष म्हणजे इनोके. गावचा माल काकाच्या ट्रकनं शहरात जातो, म्हणून त्याचे हात आत्ताच शिवशिवताहेत. मी म्हटलं, कागद येईपर्यंत थांब. थांबला. थांबणं हे त्याचं आवडतं काम.

सोमवार, २४ मार्च

कागद आला. अकोसितानं दवाखान्यामागे एकटीनं वाचला. मी फणसाच्या झाडाखाली बसून काही न बघितल्यासारखं केलं.

सैलोसीचं आहे.

बरं वाटतंय का विचारलं. म्हणाली, "श्वास आत जातोय, बुबू." आणि ओकली. साधीच ओकारी, दिवस गेलेल्या बाईची.

घरी येऊन तिनं सैलोसीला सांगितलं. सैलोसीनं कुणालाही सांगितलं नाही. यांगोनाला बसलेले अकरा जण सोडून.

मंगळवार, २५ मार्च

दुपारी दात घेऊन आले. इनोकेनं घेतला. दोन्ही हातांत. सगळ्यांनी ओंजळीनं टाळ्या वाजवल्या. मी चटई विणत दाराशी होते. उठेपर्यंत झालंसुद्धा. माझे गुडघे.

इनोके म्हणाला, मूल आपलंच निघालं, देवाची कृपा, म्हणजे काहीच झालं नाही. परवा अकोसिताला नेऊन तक्रार काढून टाकू. सगळ्यांचे चेहरे जेवण झाल्यासारखे.

अशा बैठकीत बायका मध्ये बोलत नाहीत. अकोसिता आत आली.

"मूल त्याचं नाही," ती म्हणाली, "म्हणजे तो तिथे नव्हता का?"

काकानं वाटी भरायला सांगितली. पहिली सैलोसीपुढे आली. त्यानं ती पालथी घातली आणि हिच्याशेजारी येऊन बसला.

इतक्या आनंदाची बातमी, आणि हिच्या गळ्याशी आली.

गुरुवार, २७ मार्च. सुवा शहर

काल दात काकाच्या पायरीवर ठेवून आले. घेतलेला दात परत करत नाहीत म्हणे. आता करतात.

आज पोलिसांत. अकोसिता तक्रारीवर ठाम राहिली. मग मी म्हटलं, माझीही जबानी घ्या. जानेवारीत मी यांना सांगितलं होतं, मी झोपले होते. झोपले नव्हते. ही ओरडली ते ऐकलं, रुसियाते शेडमागून पळाला तो पाहिला. गावात राहायचंय म्हणून झोपले. आता अंगठा दिलाय.

हे अकोसितानं आज पहिल्यांदा ऐकलं. आत्ता लिहिताना पेन खाली ठेवलं. मग उचललं.

सुनावणीपर्यंत इथेच आहोत. सैलोसी, हे पान बसवाल्याकडे देतेय. दालोचे, म्हणजे अळूचे, कंद पाठव, त्याची पानं नारळाच्या दुधात शिजवून पाठव, लिंबू जास्त. अकोसितापुरतं. माझ्यासाठी काय पाठवायचं, पाठवायचं की नाही, ते ती कळवेल.