किटलीचं झाकण

आई, परवा बारामतीत आम्हा वार्ताहरांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती, आणि सबंध दिवस मला तू शेजारी बसल्यासारखी वाटत होतीस. विषय होता, माणूस माणसाला ओळखतो कसा. शिकवायला मानसशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि ओळखीच्या नऊ माणसांची नावं लिहायला सांगितली. मग त्यातली तीन-तीन माणसं घ्यायची आणि लिहायचं, कोणती दोन सारखी आणि तिसरं कशात वेगळं. इंदापूरच्या वार्ताहराच्या कागदावर सगळीकडे ‘शब्द पाळणारा’ आणि ‘शब्द फिरवणारा’ असंच आलं. माझ्या शेजारच्या मुलीला माणसं ‘ऐकून घेणारी’ किंवा ‘मध्येच बोलणारी’ दिसत होती. मी माझा कागद पाहिला. तिन्ही वेळा एकच जोडी होती, ‘उघडं वागणारा’ आणि ‘लपवणारा’. सर म्हणाले, “ही माहिती त्या नऊ जणांची नाही, तुमची आहे. प्रत्येकाच्या मनात अशा दोन-चार जोड्या तयार असतात. समोरचा माणूस आपण त्यांतूनच बघतो. म्हणून एकच माणूस दोघांना दोन तऱ्हांनी दिसतो.” मला हसू आलं. ती जोडी माझीही नव्हती. ती तुझी होती, काटेवाडीच्या अलीकडच्या आपल्या गावातल्या महिला दूध संस्थेतून आलेली.

तू संस्थेची सचिव होतीस, आणि तुझा एक नियम होता. दूध घेऊन येणाऱ्यानं आपल्या किटलीचं झाकण आपल्या हातानं काढायचं, दूध आपणच ढवळायचं, मग तू नमुना घ्यायचीस. सकाळी सहा वाजता तू टेबलामागं उभी आहेस, पदर खोचलेला, एका हातात दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर. कोण झाकण कसं काढतो, हे तू दुधाच्या आधी बघतेस. गावातले तात्या बायकोच्या खात्यावर म्हशीचं दूध आणायचे. झाकण काढता काढता म्हणायचे, “सचिवबाई, काल म्हशीनं पाणीच पिलं न्हाय, मग दुधात कुठनं येणार?” तू मान वर न करता म्हणायचीस, “म्हशीवर माझा इस्वास हाय तात्या, मालकाचं बघू.” दूध घालणाऱ्यांची ओळ हसायची, तात्या सगळ्यात जास्त. घरी आल्यावर तू मला सांगायचीस, “खोट असली की माणूस झाकणाला हात लावत न्हाय. मी माणूस ओळखायला कधी चुकत न्हाय.” मी दहा वर्षांची होते आणि शाळेत हे वाक्य तुझ्या नावानिशी सांगत होते.

मग ओढ्यापलीकडच्या काकी दूध घालायला लागल्या. वर्षभर त्या माहेरी, बावड्याला होत्या. परत आल्यावर घरात गाय आली. दूध सासू काढायची, आणून द्यायच्या काकी. किटली डाव्या हातानं टेबलावर ठेवायच्या, उजवा हात पदराखाली, आणि बाजूला सरून उभ्या राहायच्या. झाकण तुलाच काढावं लागायचं. तू दोन दिवस वाट पाहिलीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, “मोठ्या घरच्या हायसा व्हय? झाकण बी आमीच काढायचं?” त्या खाली बघून हसल्या फक्त. त्या दिवसापासून तुझ्या मनात त्यांचा खण ठरला. लॅक्टोमीटरवर डिग्री कमी लागली की तू म्हणायचीस, “बघ, घातलंच पाणी.” बरोबर लागली की, “आज शहाणी झाली.” सर परवा हेच समजावत होते, की मत एकदा बनलं की पुढचा प्रत्येक पुरावा आपण त्याच्याच बाजूला लावतो. आणि स्वतः चुकलो तर आपल्याला परिस्थिती दिसते, दुसरा चुकला की त्याचा स्वभाव. मी वहीत लिहून घेतलं. वर्गात बाकीचे मान डोलावत होते. मला मात्र तुझा आवाज ऐकू येत होता.

महिनाभरानं तू संस्थेच्या बायकांना सांगितलंस, की काकींचं दूध बंद करायचं. कुणी तरी म्हणालं, गरीब घर आहे, एकच गाय आहे. तू म्हणालीस, “उद्या सगळ्यांसमोर झाकण काढायला लावते. काढलं तर ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी ओळ भरलेली होती. काकींनी किटली ठेवली. तू हात मागं घेतलास आणि म्हणालीस, “आज तुमी उघडा.” त्या हलल्या नाहीत. “उघडा म्हणते न्हवं.” मग त्यांनी पदरातून उजवा हात काढला. अंगठा आणि करंगळी होती, मधली तीन बोटं नव्हती. बावड्याला कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेली होती. त्या हळू म्हणाल्या, “असला हात दुधाला लागलेला लोकास्नी चालंल का न्हाय, म्हणून काढत न्हवते, वैनी.”

त्यानंतर तू जे केलंस, ते आठवलं की आजही माझी मान ताठ होते. तू टेबलामागून पुढं आलीस, झाकण काढलंस, काकींच्या त्याच हातात ढवळणी दिलीस आणि त्या हातावर तुझा हात ठेवलास. दोघींनी मिळून दूध ढवळलं. मग ओळीकडं वळून म्हणालीस, “माझं चुकलं. मी हिला चोर समजत हुते.” एवढंच. कारण सांगितलं नाहीस, नियमाच्या आड लपली नाहीस. त्या सकाळपासून सगळ्यांच्या किटल्या तूच उघडायला लागलीस. तात्या म्हणाले, “आता आमचं बी झाकण सचिवबाई काढणार? मान वाढला की.” तू म्हणालीस, “झाकण मी काढीन तात्या, आतलं तुमचं तुमी बघा.” काकी पुढं तुझ्यानंतर सचिव झाल्या, हे तू पाहिलंस. सर म्हणाले, आपल्या मनातली जोडी चुकीची निघाली तर बहुतेक लोक माणूसच वाकवून तिच्यात बसवतात, जोडी मोडणारे थोडे. मी हात वर करून सांगितलं, की मी अशी एक बाई ओळखते, आणि तुझी गोष्ट सांगितली. आमचे संपादकही आले होते, त्यांनी तिथंच सांगितलं, रविवारच्या पानासाठी हीच लिही.

लिहिली. आज दुपारी वेळेत पाठवली, शब्दसंख्येतही बसली. एक गोष्ट मात्र तिच्यात नाही. त्या सकाळच्या आठ दिवस आधी तू मला काकींच्या परसातून कढीपत्ता आणायला पाठवलं होतंस. त्या पाठमोऱ्या बसून किटली घासत होत्या, आणि कुंपणाबाहेरून मी तो हात पाहिला. त्यांनी मला पाहिलं नाही. सांगायचं ठरवूनच मी पळत घरी आले. तू चुलीपुढं बसून शेजारणीला सांगत होतीस, की माणूस ओळखायला तू कधी चुकत नाहीस. मला ते खरं असायला हवं होतं. मी कढीपत्ता तुझ्या हातात दिला आणि खेळायला गेले. लेखात तुझी चूक लिहिली आहे, आई. माझी लिहिलेली नाही.