‘नवा रानजीव’ कुणाकडे जावा

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर, व्यवसायाने कवळ्या बनवणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या कामाच्या मेजाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आणायला एक जण आला होता, त्याची हकिगत पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण धाकटी बहीण माझ्यामागे राहील असं धरून चालले होते. ती आधी गेली.

कलम १. मेणाच्या सुऱ्या, घासायची मोटर, जबड्याची उघडझाप तपासायचे सांगाडे आणि बँकेतली सगळी शिल्लक माझ्या सहकारिणीला द्यावी. आम्ही तिला मुंगी म्हणतो. तिने आयुष्यात मला कधी उपदेश केला नाही, एवढं कारण पुरे. सुऱ्या तिने कुणाला वापरायला देऊ नयेत. लोक त्यांनी डबे उघडतात.

कलम २. माझ्याकडे हातात धरून खेळायचं एक यंत्र आहे. ते धाकटीचं. त्यात ‘नवा रानजीव’ हा खेळ आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘रानजीव’ ही खेळांची मोठी मालिका. गवतातून हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. पहिला खेळ धाकटीच्या नवऱ्याने केला आणि त्याचं नाव झालं. पुढे तो ती कंपनी सोडून स्वतःची काढायला गेला, तेव्हा तोच पहिला खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा घडवायचं काम जुन्या कंपनीने धाकटीकडे दिलं.

लोकांना जुनाच खेळ हवा होता, फक्त चकचकीत. माझ्याकडेही अशी गिऱ्हाइकं येतात. जुनी कवळी पुढे करून म्हणतात, हुबेहूब अशीच द्या. मी त्यांना सांगते, बाबांनो, दात तेच बसवीन, पण तुमची हिरडी मधल्या काळात बदलली आहे. धाकटीने नेमकं हेच केलं. प्राणी तेच, वाटा त्याच ठेवल्या. जुन्या खेळात नको झालेला प्राणी सोडून दिला की पडद्यावर ‘गेला’ असं यायचं आणि विषय संपायचा. तिच्या खेळात तो प्राणी जिथे पकडला होता तिथे परत जातो आणि तिथेच राहतो. तुम्ही पुन्हा त्या वाटेने गेलात तर गवतातून बाहेर येऊन तुमच्याकडे बघतो. जवळ येत नाही. थोड्या वेळाने वळून आपल्या वाटेने जातो. जिंकल्यावर वाजणारा ढोलही तिने काढून टाकला. हरलेला प्राणी धापा टाकतो, तेवढाच आवाज येतो.

लोकांनी तिला सोलून काढलं. रटाळ, फिका, मुळाचा अपमान. प्राणी नुसता बघत उभा राहतो ही खेळातली चूक आहे, ती दुरुस्त करा, अशा तक्रारी आल्या. या सगळ्यात मोठा आवाज तिच्या नवऱ्याचा होता. मुलाखतीत म्हणाला की आपल्या चित्रावर कुणीतरी पोतेरं फिरवलं आहे. ‘कुणीतरी’ म्हणजे घरात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला होते. त्यांची मुलगी, माझी भाची, तेव्हा लहान होती, ताटात बोट फिरवत बसली होती. तो धाकटीला म्हणाला, “तुला खेळ कळतच नाही. तू तो दुरुस्त करायला निघालीस.”

ती म्हणाली, “मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळले. तू कधी खेळलास?”

हा प्रश्न त्याने तिला कधी माफ केला नाही. वर्षभरात तो मुलीला घेऊन वेगळा राहायला गेला. धाकटी माझ्याकडे आली. तिला पुढे कुणी खेळ दिला नाही. दुसऱ्यांच्या खेळातली दारं आणि कुंपणं रंगवायचं काम मिळालं, ते तिने आजार बळावेपर्यंत केलं. ती गेल्यावर नवऱ्याने तिच्यावर लेख लिहिला. त्यात ती त्याच्या यशामागची सावली होती. ‘नव्या रानजीवा’चं नावसुद्धा नव्हतं.

कलम ३. धाकटी गेल्यावर तिचं यंत्र मी या मेजावर आणलं. मी आयुष्यात असलं काही खेळले नव्हते. प्लास्टर सुकेपर्यंत हाताला काम नसतं, तेवढ्या वेळात खेळू लागले. एकदा प्लास्टरच्या गोण्या आणून देणारा माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला. दारात मावत नाही असा धिप्पाड, बोलणं कमी, तेही वसकन. खांद्यावरची गोणी न उतरवताच त्याने विचारलं की पुलाजवळून गेलात का. नाही म्हटलं. तेव्हा गोणी खाली ठेवून तो खाली बसला आणि बोलत राहिला. हा खेळ तो चार वेळा खेळला होता. बायको सोडून गेली त्या वर्षी सुरुवात केली. चिखल्या नावाचा एक दुबळा प्राणी त्याने पुलाजवळ सोडला होता, आणि पुढे जायला जवळची वाट असूनही तो प्रत्येक वेळी पुलावरून वळसा घालून जायचा.

“लोक शिव्या घालतात,” तो म्हणाला. “घालू देत. ज्याने हा केला त्याने कुणालातरी सोडलेलं असणार, नाहीतर त्याला सोडलेलं असणार.”

हा माझ्या बहिणीने केला, असं मी सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. मोठ्या माणसासमोर उठतात तसा. धाकटीच्या कामाला मिळालेला हा एवढाच मान. तो तिला बघता आला नाही.

त्याचं स्वतःचं यंत्र बंद पडलं आहे. म्हणून धाकटीचं यंत्र त्याला द्यावं. तिचा यंत्रात साठवलेला डाव त्याने पुसू नये. दुसऱ्या डावाला त्यात जागा आहे. माझ्या भाचीने कधी मागितलं तर बघू द्यावं. हे यंत्र कोणत्याही प्रदर्शनात, काचेच्या कपाटात ठेवू नये.

कलम ४. धाकटीचा नवरा. त्याच्या नव्या खेळात मध्यंतरी सोडलेले प्राणी परत येऊन बघू लागले. लोक रडले. बक्षीस मिळालं. ही कल्पना आपल्याला एका पहाटे सुचली, असं त्याने भाषणात सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जिन्याजवळ गाठलं. तो शांतपणे म्हणाला, “ताई, कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात.”

मी म्हटलं, “मग बक्षीस कशाला घेतलंस?”

त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करणं सोडलं. हल्लीच तो इथे येऊन गेला. मालिकेच्या प्रदर्शनात धाकटीचा एक कोपरा करायचा आहे, यंत्र द्या, नाहीतर मुलगी दुखावेल, असं म्हणाला. कोपरा! हयातभर तिला तेच दिलंस, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

त्याला माझ्याकडून काहीच मिळालं नाही असं होऊ नये. त्याचे पुढचे दोन दात मी केलेले आहेत. प्रत्येक छायाचित्रात तो त्यांनीच हसतो. त्यासाठी घेतलेला त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा खालच्या फळीवर आहे. तो त्याला द्यावा. दात परत मागत नाही.

कलम ५. भाची. ती बापाच्या कंपनीत आहे, बापाच्याच घरात राहते. प्रदर्शनाचं विचारायला बापानंतर तीही येऊन गेली. मी यंत्र तिच्या हातात दिलं आणि प्लास्टर कालवत बसले. धाकटीच्या त्या डावात एक प्राणी भाचीचा आहे. लहानपणी तिने तो पकडला, गोटू असं नाव ठेवलं, आणि आईने सांगितलं म्हणून तळ्याकाठी सोडून पाहिला. पुढे बापाने तो खेळ घरात बंद केला. ती तळ्याजवळ पोचली हे मला तिच्या श्वासावरून कळलं. गोटू बाहेर आला असणार. मग तिने यंत्र मेजावर ठेवलं. घेऊन जा म्हटलं तर मान हलवली. दारात चप्पल घालताना म्हणाली, “मावशी, आईनेच केलं होतं ना सगळं? मी हे पाहिलं, हे बाबांना सांगू नकोस.”

मी शब्द दिला, आणि जिवंत आहे तोवर पाळणार आहे.

माझं राहतं घर, कामाच्या खोलीसह, मी भाचीला देत आहे. त्याला कसलीही अट नाही. तिने बापाकडेच राहायचं ठरवलं तरी घर तिचंच. वकीलसाहेबांना माझी एकच सूचना आहे. मृत्युपत्र वाचताना तिचा बाप समोर बसलेला असेल. आधी घराच्या किल्ल्या तिच्या हातात द्याव्यात. मग हे पाचवं कलम मोठ्याने वाचावं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण : राहतं घर, कामाची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर

सही : कवळ्या करणारी, धाकटीची थोरली बहीण

आमच्यादेखत बाईंनी सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.
साक्षीदार १ : तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २ : दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)